पंचवीस फळ्या आणि खंडेनवमी

२२ सप्टें., सोम.
घट बसले. घरात कांदा-लसूण बंद, माझ्या डोक्यात नुसत्या स्केटबोर्डच्या फळ्या. आज चौदावी झाली. फळी मधे खोलगट, सरळ छापता येत नाही. आधी स्क्रीनच्या जाळीतून फिल्मवर सात रंग, मग गरम रोलरने चिकटवायचं. एक बुडबुडा आला की फळी गेली. तेरावीवर बुडबुडा दिसल्यासारखं वाटलं, तीनदा उन्हात नेऊन बघितली. नव्हता. मीच वेडी.
जेवताना नवरोबा : "पण चित्र कशाचं हाय?" आळेफाट्याच्या गॅरेजची भिंत, म्हटलं. ट्रक रंगवणारे तिच्यावर ब्रश पुसतात, पोरं नावं खरडतात, त्यावर परत ब्रश. कित्येक वर्षांचे थर. "मंग भिंतच उचलून न्यायची की पुण्याला." यांना काही सांगायची सोय नाही.

२५ सप्टें., गुरु.
पुण्याच्या गॅलरीतून मॅडमचा फोन. प्रदर्शन ५ तारखेला नक्की. "पंचवीसच, आणि सगळ्या हुबेहूब एकसारख्या. एक जरी वेगळी निघाली तर एकाच चित्राची एडिशन म्हणून लावता येणार नाही." हो हो म्हटलं. फोन ठेवून झालेल्या फळ्या परत एकेक तपासल्या.
आठ वर्षं लग्नपत्रिका छापतेय. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' झोपेतही बिनचूक छापीन. माझं स्वतःचं काही भिंतीवर लागणार, ही पहिलीच वेळ. मला हे हवंय. इतकं हवंय की लाज वाटते.

२८ सप्टें., रवि.
पंचवीस पूर्ण!! १/२५ पासून आकडे घातले, शेजारी सही. मग रिवाजाप्रमाणे स्क्रीन धुऊन टाकल्या, पुन्हा कुणाला छापता येऊ नये म्हणून. व्हिडिओ मॅ.ना पाठवला. जाळी कोरी झाली. आता सव्विसावी कधीच नाही.
संध्याकाळी सासूबाई दुकानात डोकावल्या. "ह्ये काय गं मांडलंय?" म्हटलं, याला खालून चाकं लागतात, पोरं वर उभी राहून पळवतात. "आगं बाई! मंग गाडीच की ही." हसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाचं काही विचारलं. बरं वाटलं.

३० सप्टें., मंगळ.
वरून मारायचा लॅकर संपला. इथे मिळतो तो पिवळा पडतो. उद्या पुणे. तोवर फळ्या उघड्याच, नुसता हात ओला असला तरी डाग पडेल.
उद्या खंडेनवमी. दुकानातल्या यंत्रांची पूजा दरवर्षी सासूबाईच करतात, किल्ली त्यांच्याकडे दिली. फळ्यांना धक्का लागू देऊ नका, म्हटलं. "न्हाई गं, समदं सांभाळून करीन."

१ ऑक्टो., बुध.
लिहवत नाही.
लॅकर घेऊन पुण्याहून चारला आले. रोलरला झेंडूची माळ, कटरला माळ. आणि पंचवीसच्या पंचवीस फळ्या ओळीनं, प्रत्येकीवर ओलं हळदकुंकू. गाडी ना ती. वाहनपूजा. सासूबाई नारळ फोडून खूश. "लई जपून केली बघ. आता पोरं न्हाई पडायची."
मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. एवढंच आठवतंय, त्यांनी ताम्हण उचललं आणि गुपचूप घरात गेल्या.
सातवी थिनरने पुसून बघितली. कुंकू पसरून गुलाबी झालं, खालचा निळाही निघाला. बाकीच्यांना हात लावला नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
आपट्याची पानं दिली-घेतली. सासूबाईंच्या पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला, नजर भिंतीकडे.
नवरोबा : "झाकली मूठ सव्वा लाखाची. वरनं लॅकर मार आन् म्हण, डिझाइनच हाय तसं." खरं म्हणजे शोभतंय, हाच तर ताप. पण टिळा प्रत्येकीवर वेगळ्याच जागी, एकीसारखी दुसरी नाही. असं का, ते सासूबाईंनी नवरोबांना सांगितलं. "गाडीला तोंड असतंय. ह्यांचं तोंड कुनीकडं त्येच कळंना. मंग जिथं वाटलं तिथं लावलं."
हसू आलं आणि मग रडू.

३ ऑक्टो., शुक्र.
मॅ.ना फोन करून सगळं सांगितलं. सातवीचंही. फोटो पाठवले. दोन तास काही नाही. पत्रिकेचं एक प्रूफ आलं होतं, चार वेळा वाचलं, नवरदेवाचं नाव काय ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.
मग फोन. मॅ. चक्क खूश! "एडिशन म्हणून नाही, पंचवीस वेगळी चित्रं म्हणून लावू. सातवीसुद्धा. कुंकवाची कल्पना भन्नाट आहे. तुमचीच म्हणून चित्रांशेजारच्या कार्डावर लिहिते, चालेल ना?"
मी 'हं' म्हटलं.
सगळं सांगून झालं होतं की. मग हे 'हं' कुठून आलं?

४ ऑक्टो., शनि.
सकाळी लॅकर मारला, कुंकवावरूनच.
सासूबाई मेथी निवडत होत्या. शेजारी बसले, चुकले म्हटलं. मग कार्डाचं सांगितलं : तुमचं नाव घालते माझ्याबरोबर. जुडी खाली ठेवून बघत राहिल्या.
"पूजंखाली कुनी नाव घालतं व्हय?"
मग माझ्याकडे न बघता : "आन् त्या दिशी तर पुसाया निघाली व्हतीस."
मेथी निवडू लागले तर जुडी माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नाही, सावकाश.
कार्डावर कदाचित दुसरं नाव येईल, असं मॅ.ना कळवलं होतं. अडीचला त्यांचा मेसेज. चारला कार्ड छापायला जाणार, नाव एक की दोन? 'एक' लिहिलं, खोडलं. 'दोन' लिहिलं, खोडलं. नवरोबा फळ्या चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवतायत.
पावणेचार. सासूबाईंना परत एकदा विचारायला हवं. त्या नाही म्हणतील याची धास्ती आहे, की हो म्हणतील याची, ते मलाच कळत नाही. वही मिटते, विचारायला जाते.