लवंगीचं फूल

माय, तुझ्या अंबाड्याचा एक आकडा काल सापडला. पिंप्राळ्याच्या अंगणात फरशी घालायची आहे, म्हणून माती उकरत होते. तुझ्या जुन्या वाफ्यात तो गंजून उभा रुतलेला होता. मी तिथेच बसून राहिले.

दिवाळी सरली की तुझा अंबाडा सुटायला लागायचा, कारण आकडे सगळे वाफ्यात गेलेले असायचे. नर्सरीवाले ज्याला डायन्थस म्हणतात त्याला तू लवंगी म्हणायचीस, लवंगेसारख्या वासामुळे. माहेराहून ओल्या फडक्यात एकच फांदी आणलीस आणि दाब लावून लावून तिचीच रोपं वर्षानुवर्षं वाढवलीस. बियांच्या रोपाला तो वास येत नाही, म्हणायचीस. मी शेजारी उकिडवी बसलेली आहे. तू खालची फांदी निवडतेस, पेराखाली बाबांच्या जुन्या ब्लेडने अर्धी चीर देतेस, ती मातीला टेकवतेस आणि डोक्यातला आकडा काढून वरून खोचतेस; हाच तुझा दाब. दोन दिवसांनी मूळ फुटलं का बघायला मी माती बाजूला केली, तर हातावर चापट बसली. "उकरीसन देखू नको, मुया तुटतीन."

घरात रंगीत टीव्ही आला त्या वर्षी तू दाब लावलेस आणि आठवड्याभरात तुला धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मामा तिथेच देवपूरला राहायचा, त्याचा आधार होता. वाफा माझ्याकडे आला. रोपं मरतील या धसक्याने मी रोज पाणी घातलं आणि एकेक फांदी उकरून पाहिली. दाब वाळले, जुनी झाडं बुडाशी कुजली. एकही वाचलं नाही. दर रविवारी एसटीने तुझ्याकडे यायचे तेव्हा तू स्वतःच्या दुखण्याचं सोडून आधी विचारायचीस, "बठ्ठा रोपं जगनात ना?" जगली, मी सांगायचे. पुढे कळ्या आल्या असंही सांगितलं. मग तू एक फूल मागितलंस.

मी नर्सरीतून आणलं. तोच गुलाबी रंग, तशीच कातरलेली कड, पण वास नाही. बसमध्ये कितीदा हुंगलं, नाहीच. कुठलंही फूल नाकाला लावल्याशिवाय तू कधी खाली ठेवलं नाहीस. ते मात्र हुंगलं नाहीस. उशाशी ठेवलंस, "चांगलं शे," म्हणालीस आणि माझ्या केसांवरून हात फिरवलास. पुढच्या रविवारी तू नव्हतीस.

तुला कळलं होतं का, हे विचारायला आता कोणी उरलं नाही. तो वासही कुठे उरला नाही; तो माझ्या हातांनी संपला, आणि हे दुःख इतक्या वर्षांनीही कमी झालेलं नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकते. माती उकरायला उद्या गवंडी येणारच आहे. काल मी फरशीसाठी उकरत नव्हते. एखादं मूळ राहिलंय का, ते पाहत होते.