दुष्काळाच्या पोस्टरवर मी

ताईस धाकट्याचा नमस्कार. दाजींनाही सांग.

मी बरा आहे. मधे ताप आला होता, तो गेला. आईचा गुडघा कसा आहे?

ज्या सिनेमात मी दिवे उचलतो, त्यात आता मला उभंही केलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची गोष्ट आहे. दिग्दर्शक म्हणे इतिहास कोळून प्यायलाय. त्याच्याकडे एक जुनं चित्र आहे, त्यातली उपाशी माणसं आभाळाकडे बघतायत. म्हणून आम्हीही सकाळपासून माना वर करून उभे. मी म्हटलं, "साहेब, भुकेला माणूस चुलीकडे बघेल ना?" तर म्हणाला, "चित्रात चूल नाही. मान वर कर."

आमचा हिरो तर असा गुबगुबीत, की दुष्काळ याच्यामुळेच पडला असं वाटावं. आणि लोक तिकीट काढून हे बघणार, डोळे पुसणार, दुष्काळ कळला म्हणणार. थुंकावंसं वाटतं.

एक काम कर. पोस्टरवर सगळ्यात पुढे माझाच चेहरा घेतलाय. तुमच्याकडे लागलं आणि आईनं बघितलं, तर सांग की गाल रंगानं खोल दाखवलेत. नाहीतर ती मला परत बोलावेल, आणि घरी बसून माझा जीव रमत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुला म्हणून सांगतो. रंगवाल्यानं बाकी सगळ्यांच्या गालांना काजळी फासली. माझ्यापाशी आला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, आणि काही न लावता पुढच्याकडे गेला.

हे आईपुढे वाचू नकोस, तिला वेगळं लिहितो.

तुझा,
धाकटा