सालीखालची तपकिरी रेघ

२४ जून, नोव्हाय

मागचा डेक, कुंपण, एल्मच्या झाडाला टांगलेला झोपाळा, सगळं माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता. एल्म तेवढा घराबरोबर आयता मिळाला. आणि तोच जातोय.

वरची एक फांदी पिवळी पडली होती. मेधा म्हणाली, "पाणी कमी पडलं असेल. तू काय झाडांचा डॉक्टर आहेस?" सई म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट वन ब्रांच." शिडी लावून फांदी कापली, चाकूने साल सोलली. आत तपकिरी रेघ. पाणी कमी पडून अशी रेघ उमटत नाही. ही एल्मची बुरशी. खाली खाली कापत गेलो. दर वेळी वाटे, आता स्वच्छ लाकूड लागेल. रेघ थेट खोडात गेलेली. गेल्या आठवड्यात मान वर करून पाहिलं असतं तर?

संध्याकाळी सबनीसकाका आले. रिटायर झाल्यापासून टेबलं बनवतात. "पाडशील तेव्हा खोड मला दे, पण सालीसकट. साल काढलीस की शोभाच गेली!" पण बुरशी पसरवणारे भुंगेरे सालीखालीच वाढतात, आणि काकांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एल्मच एल्म. सोलून देतो म्हटलं, तर हसले. "एवढ्याशा किड्यांना घाबरतोस होय रे?" त्यांना ती रेघ दाखवली. नीट बघितलीही नाही, चेकबुक काढलं.

झाड पाडायचा खर्च त्यात निघाला असता. साल मी जाळणार आहे, सगळी. सालीसकट बाराशे डॉलर देत होते. नाही म्हटलं.