टँकर न लागणारी बाग

मी, रतिलाल छगन पाटील, वय ७१, निवृत्त टँकरचालक, राहणार दोंडाईचा, ता. शिंदखेडा, जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असले तरी डोके जागेवर आहे. कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, आणि तो लपवणार नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मुलगा नवीन व मुलगी दिपमाला यांना निम्मे-निम्मे मिळावे.

२. घरापुढचे अंगण यात धरू नये. तेवीस वर्षे मी कोरड्या गावांना टँकर नेला. हंडाभर पाण्यासाठी बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या पाहिल्या. तेव्हाच ठरवले, माझ्या दारात टँकर उभा राहणार नाही. भिंतीलगत बोगनवेल लावली, कोपऱ्यात पांढरा चाफा, पुढे पिवळा तरवड, कडेला कोरफड, मधे नाल्यातले काळे दगड. उंच ते मागे, बुटके ते पुढे. पायरीजवळची सदाफुली पत्नी कै. कुंदाबाईच्या हातची. भर मे महिन्यात रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघत.

३. ऑपरेशनमुळे मी पंधरा दिवस दिपमालाकडे चाळीसगावला होतो. सगळे ठीक आहे, असे नवीन रोज फोनवर सांगे, "आबा, बठ्ठं बेस शे." परत आलो तर बाग उपटलेली, तिच्या जागी हिरवळ अंथरलेली, त्याची मुलगी, माझी नात मोहिनी, हिच्या साखरपुड्यासाठी म्हणे. फाटकाशी टँकरच्या चाकांचे ओले व्रण होते. ते मी ओळखणार नाही तर कोण? जाब विचारला, तर म्हणाला, "पाहुणास्ले काटा दखाडू का?" सदाफुलीला काटा नसतो, एवढेही त्याला ठाऊक नाही.

४. टँकर आणला माझा जुना क्लीनर वना याने. "आबांनी मागवलाय," असे नवीनने त्याला सांगितले होते. पोटच्या पोराने माझ्याच नावावर पाणी मागवले, हे मला फार लागले. वनाचा दोष नाही. बागेचे खड्डे ज्या पहारीने खणले, ती माझी पहार त्याला द्यावी.

५. अंगण मोहिनीला. उकिरड्यावर आठ दिवस उन्हात पडलेली चाफ्याची फांदी तिने उचलून आणली. म्हणाली, "आबा, हाई अजून जित्ती शे." लावली. परवा पान फुटले. घरात जायची वाट तेवढी नवीन-दिपमालाला मोकळी राहील.

६. मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचे पाणी घालायचा मान मुलाचा असतो. तो नवीनला देऊ नये. मोहिनीने दोन थेंब घालावेत. मी गेल्यावर हे वाचून उपयोग नाही, म्हणून हे कलम त्याला आजच वाचून दाखवले. तो रडला. मलाही आवरले नाही. कलम बदललेले नाही. माझ्या नावाने त्याने ओतले तेवढे पाणी पुरे.

सही: रतिलाल छगन पाटील

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली:
१. ज्ञानेश्वर प्रेमराज पाटील
२. पुष्पाबाई नवल पाटील

दोंडाईचा, ता. २ जून २०२४