यहेज्केलची बायको

५ मार्च १९५१, किफ्ल

काल नवऱ्याला, शाऊलला माती दिली. तेव्हापासून जमिनीवर बसले आहे, अनवाणी. सुतकाचे सात दिवस असंच. पहिला घास शेजारचाच लागतो, म्हणून खातूनने मसूर आणि उकडलेली अंडी आणली. माझ्या नजीबाने, लेकीने, एक सोलून हातात दिलं.

संध्याकाळी नईम आला. शाऊलचा सख्खा भाऊ, पण पायांत बूट तसेच.

“वहिनी, हिल्ल्याच्या कचेरीत चला. आपल्या ज्यूंची नावं नोंदवायची मुदत गुरुवारी संपते. मग देश सोडू देणार नाहीत.”

म्हटलं, सात दिवस झाले की येते.

“संदेष्ट्या यहेज्केलची बायको गेली तेव्हा तो रडला? सकाळी पागोटं बांधलं, वहाणा घातल्या, कामाला लागला. आणि आमचा शाऊल गावातल्या त्याच्याच कबरीवर दिवे लावायचा!”

भेटायला आलेले सगळे मान डोलावत होते. अंग जळलं माझं.

६ मार्च

शाऊलचं पुस्तक काढलं — यहेज्केलचा ग्रंथ. मला कुणी शिकवलं नाही. तो मोठ्याने वाचायचा, मी त्याच्या खांद्यावरून अक्षरं उचलली.

“सुतकात ग्रंथ वाचतात होय?” — नईम.

दुःखाची पानं चालतात. याहून दुःखाचं कुठलं?

देव यहेज्केलला म्हणतो, तुझ्या डोळ्यांचं सुख मी एका फटक्यात नेतो, रडू नकोस. सकाळी तो लोकांशी बोलला. संध्याकाळी बायको मेली. संपलं. तिचं नाव नाही. कशाने गेली, कुठे पुरली — काही नाही. त्याच्या कबरीवर शतकानुशतकं दिवे, तिच्यासाठी एक वात नाही. आणि मी दर सणाला तिथे कपाळ टेकलं.

आज राग शाऊलवरही आला. इतकी वर्षं तेल घातलं, कधी विचारलं नाही — हिचं काय?

७ मार्च

सापडलं. त्याच पानावर, थोडं खाली.

लोक विचारतात, हे काय चालवलंस? तो सांगतो — तुमचं मंदिर पडेल, मुलं मरतील, आणि तुम्हालाही रडता येणार नाही. म्हणजे न रडणं ही शिकवण नव्हतीच. शिक्षा होती. त्याला जे जे करू दिलं नाही, तोच आपला शोक — वहाणा काढणं, शेजाऱ्यांचं अन्न खाणं.

नईमला वाचून दाखवलं.

“जिंकलात वहिनी. आता बक्षीस म्हणून राहा इथे एकट्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेवढेही उरायचे नाहीत गावात.”

“भावोजी, भाऊ तुमचा गेलाय. एकदा तरी खाली बसा.”

बसला नाही. दार आपटून गेला.

८ मार्च

हिल्ल्याची मोटार गेली. उठले नाही. कुणाच्या बापाच्याने उठणार नव्हते.

नजीबा दिसत नाही. खातूनकडे भांडी द्यायला गेली असेल.

८ मार्च, संध्याकाळ

नजीबा आली. पायांत बूट. नईम मागे दारातच उभा.

“देश सोडायच्या कागदावर सही केली, आई.”

एकोणीस वर्षांची आहे. तिची सही चालते. मुदत संपली, माझं नाव राहिलं.

“काकांनी ओढून नेलं?”

“नाही. मीच म्हटलं, मला न्या.”

“मला सांगायचंस तरी.”

“मी दोनदा आले होते सांगायला. तू वाचत होतीस.”