वजा दोनचं वर्गमूळ

मंगळवार, संध्याकाळ. चोपडा

आमच्या क्लासच्या सरांना फंक्शन कळत नाही. आणि अकरावीला शिकवतात! चाचणीत ‘एक्स वजा तीन’चं वर्गमूळ देऊन डोमेन, म्हणजे एक्सच्या जागी काय काय चालतं, आणि रेंज, म्हणजे उत्तरं काय काय येतात, ते विचारलं होतं. सरांच्या उत्तरसूचीत डोमेन काय, तर सर्व वास्तव संख्या. वर्गातल्या सुनीताने पेपरात लिहिलं, तीन आणि त्याहून मोठ्या. रेंज शून्य आणि पुढे. अगदी बरोबर.

पेपर तपासायला माझ्याकडे होते. मी विचारलं, “सर, एक्स एक घेतला तर वजा दोनचं वर्गमूळ आणायचं कुठून?”

“मॅडम, नवीन आहात. सूचीत आहे तसं तपासा.” आणि सगळ्यांसमोर हसले. वजा दोनचं वर्गमूळ, आणि हसतात!

घरी आईला सांगितलं. ती शाळेत गेलेली नाही, पिठाच्या गिरणीवर राबते, ओलं धान्य आलं तर परत पाठवते. म्हणाली, “वला दाना चक्कीमा चालत नही, इतलं बी त्याले समजत नही? मंग तू काय करं?”

मी सूचीप्रमाणे सुनीताला शून्य दिलं होतं. नोकरी पक्की व्हायचीय ना. सरांना निदान कळत तरी नाही. मला कळत होतं.

पेपर पिशवीतच होते. सुनीताचं शून्य खोडलं, दोन गुण दिले, शेजारी पूर्ण सही केली. नाव स्पष्ट वाचता येतंय.