चंद्रहास टॉकीजचा रविवार

प्रिय दामिनी,

‘प्रिय’ दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. चिडू नकोस. रविवारी चंद्रहास टॉकीजच्या उद्घाटनाला तू गाणार की नाही, हे तू अजून कळवलं नाहीस. साउंडवर कोण आहे असं तू विचारलंस, मॅनेजरसाहेबांनी माझं नाव सांगितलं, आणि तू म्हणे ‘सांगते’ म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

हो, कॉलेज सोडल्यापासून मी अमरावतीतच आहे, आता या टॉकीजचं साउंड बघतो. ही जागा तू ओळखणार नाहीस. पिक्चर बंद पडल्यावर बारा वर्षं इथं सरकीची पोती होती. बाल्कनीत अजून तो वास येतो. आता पडद्याच्या जागी मोठं स्टेज आहे. जुने डोअरकीपर देवमनकाका मात्र तेच. ते सांगतात, पिक्चर चालायचे तेव्हा बायकांची बाल्कनी वेगळी, जिनाही वेगळा. शो सुटला की आधी त्यांचं दार उघडायचं. त्या रिक्षात बसेपर्यंत पुरुषांच्या दाराची कडी काढायची नाही. “खालचं पब्लिक दारं बडवे, मले शिव्या दे. मी म्हणो, बसा गुमान.” मला हसू आलं, तर म्हणाले, “काहून हसून राहिला बे? तू असता तं सगळ्यात आधी दार तूच तोडलं असतं.”

लागलं मला ते. राजापेठेत तुझा क्लास सुटला की तुझ्या गाडीमागे माझी गाडी असायची. तुला कोणी छेडू नये म्हणून, असं मी समजत होतो. वर्गातला श्याम तुझ्याबद्दल वाकडं बोलला, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवली तीही तुझ्यासाठीच. आणि तू म्हणालीस, “योगेश, मले त्याची नाही, तुझी भीती वाटते.” मी त्याच दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र फेकून कॉलेज सोडलं. दीड वर्ष तुझ्यावर चिडून आहे. की स्वतःवर? प्रेमच होतं ना ते? अजूनही आहे. मग तुला भीती कशी वाटली? काहीच समजून नाही राहिलं.

म्हणून एवढंच कळवतो: रविवारी साउंडवर मी नाही. मॅनेजरसाहेबांशी बोलून झालं. कार्यक्रम संपेपर्यंत मी मूर्तिजापूरला मामांकडे असेन. तू अकोल्याहून बिनधास्त ये, गा. माझ्या जागी माझ्या हाताखालचा इमाद बसेल. वरच्या सुरात जाताना तू माइकपासून अर्धं पाऊल मागे सरकतेस, तेवढं त्याला सांगून ठेवलं आहे.

तुझाच, म्हणू का नको ते तूच ठरव,
योगेश